एकमेव मित्राची चिठ्ठी

दिवसभरात मी जितक्या वेळा 'मी' म्हणते, तितक्या वेळा एखाद्या सोसायटीचा चेअरमनसुद्धा म्हणत नसेल. आणि त्यातली एकही 'मी' माझी नसते. 'मी या यंत्राची हमी घेत नाही.' 'मला मासे चालत नाहीत.' 'ही कंपनी माझ्या आजोबांनी काढली.' आजोबांनी काढलेल्या अशा कंपन्या तोक्योत माझ्या तोंडून निदान चाळीस निघाल्या असतील. माझे खरे आजोबा सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि त्यांनी आयुष्यात फक्त चित्रं काढली.

मी दुभाषी आहे. जपानी आणि इंग्रजीच्या मधल्या खुर्चीवर बसते. लग्न होऊन तोक्योच्या हिगाशी-कसाईत आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेलं शेपूट होते. कोणता कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायचा ते वाचता यावं म्हणून जपानी शिकायला लागले. कचऱ्यापासून सुरू झालेलं हे शिक्षण करारांपर्यंत कसं पोचलं, ते सांगत बसत नाही. दोन्हीकडे नीट वर्गीकरण करावं लागतं, एवढं पुरे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुभाष्याचं काम म्हणजे शब्दाला शब्द ठेवणं. शब्द सोपे असतात हो. अडतं ते 'हो'पाशी. जपानी माणूस समोरच्याचं ऐकताना दर वाक्याला 'हाइ' म्हणतो. शब्दकोशात त्याचा अर्थ 'हो' असा दिलाय, पण तो म्हणत असतो, 'ऐकतोय, पुढे बोला.' पुण्याच्या काही इंजिनिअरांनी एका बैठकीत असे अकरा 'हाइ' मोजले, अकरा मंजुऱ्या मिळाल्या म्हणून पुण्याला कळवलं आणि कामाला सुरुवातही केली. त्याच बैठकीत त्यांच्यातले एक जण मान आपल्याकडे हलवतात तशी, ना उभी ना आडवी, हलवत होते. शेवटी जपानी साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "केरुकारु-सान, त्या मानेचंही भाषांतर कराल का?" केरुकारु म्हणजे केळकर. त्यांच्या तोंडी माझं आडनाव सुरू न होणाऱ्या स्कूटरसारखं वाजतं.

'हो'पेक्षा 'नाही' अवघड. जपानी माणसाला समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं जिवावर येतं. तो म्हणतो, 'केन्तो शिमासु.' शब्दशः अर्थ, 'विचार करतो.' खरा अर्थ, फाइल कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली हरवली. मी मात्र भाषांतर 'विचार करतो' असंच करायचं. कारण आमच्या धंद्याचे नियम तीन. भर घालायची नाही, गाळायचं नाही, आणि ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. तिसरा नियम आज मी जरासा वाकवते आहे, म्हणून देशाचं आणि कंपनीचं नाव घेणार नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. दुसरा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला. ही त्याचीच हकीकत.

एक आखाती देश होता, म्हणजे अजून आहे. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला जाईल एवढा. पण जमिनीखाली तेल इतकं की जगातल्या सगळ्या मोठ्या देशांची त्याच्यावर अखंड माया. जपान हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. आता तेल काही जन्माला पुरणार नाही, आणि पुरलं तरी जग ते घेतच राहील असं नाही. म्हणून त्या देशाला बाकी सगळंही हवं होतं: कारखाने, बंदरं, विद्यापीठं, आणि तेलाऐवजी जहाजात भरून विकता येईल असं नवं इंधन. हे नवं इंधन म्हणजे अमोनिया. होय, तोच, शाळेच्या प्रयोगशाळेत नाकात झिणझिण्या आणणारा. तो कोळशाबरोबर जाळून वीज करायची आणि धूर कमी करायचा, अशी जपान्यांची योजना. वाळू त्यांची, तंत्र जपानचं.

आमच्या बाजूने, म्हणजे मला ज्यांनी बोलावलं त्या जपानी कंपनीच्या बाजूने, हे प्रकरण कावामुरा-सान सांभाळत. बारीक अंगाचे, करड्या केसांचे विभागप्रमुख. अकरा वर्षं ते या कारखान्याच्या मागे होते. निवृत्तीला सहा महिने राहिलेले. या खेपेला करार झाला नाही तर विभाग बंद करू, असं वरून सांगितलेलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या टेबलामागचं अर्धं रिकामं केलेलं कपाट मी पाहिलं.

सगळं घोडं अडलं होतं एका शब्दावर. कंपनीला मसुद्यात 'एकमेव' हा शब्द हवा होता. अमोनियाच्या कामात त्या देशाचा एकमेव भागीदार. आणि तो देश बाकी सगळं द्यायला तयार होता, हा एवढा शब्द सोडून.

त्या देशाच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांना सगळे 'डायरेक्टर साहेब' म्हणत. उंच, धिप्पाड, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, आणि समोरच्याचा अंदाज घेऊन झाल्यावरच हसणारे. त्यांना कावामुरा-सान विचारत, "हे कलम आपल्याला मान्य आहे का?" साहेब म्हणत, "इन्शाल्ला," म्हणजे अल्लाची इच्छा असेल तर. मग साहेब विचारत, "हा एक शब्द काढाल का?" आमच्या कंपनीचे अध्यक्ष म्हणत, "केन्तो शिमासु." असं पहिले दोन दिवस चाललं. दोन्हीकडची सज्जन माणसं एकमेकांना नम्रपणे काहीही न सांगता दमत होती आणि मधल्या मधे माझा घसा बसत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी साहेबांनी मला विचारलं, "इन्शाल्ला आणि केन्तो, दोन्ही तुम्ही सारख्याच चेहऱ्याने बोलता. तुमच्या स्वतःच्या भाषेत याला काय म्हणतात?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "बघू."

मग त्यांना समजावून सांगावं लागलं. मुलगी पाहून घरी परतल्यावर मुलाची आई जे म्हणते ते बघू. शेजारी पैसे मागायला आला की वडील म्हणतात ते बघू. आणि खरोखरच एखादं काम करायचं मनात असेल तर माणूस म्हणतो, तेही बघूच. फरक फक्त घरच्यांना कळतो. साहेब बेहद्द खूश झाले. "बग्गू!" म्हणाले. "हा शब्द आमच्या परराष्ट्र खात्याला पाहिजे होता."

त्या संध्याकाळी त्यांना हॉटेलवर सोडायला गाडीत मी बरोबर होते. खाडीच्या बाजूने जाताना उरायासुच्या उंच इमारती दिसल्या, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "मॅडम, आमचा देश लहान आहे. एका मोठ्याची विमानं आमच्याकडे उतरतात, दुसऱ्या मोठ्याची जहाजं आमचं तेल नेतात, तिसरा आमची बंदरं बांधतो. आम्ही यांतल्या एकाचे झालो तर बाकीचे येऊन विचारतील, आमचं काय? आणि कुणाचेच झालो नाही, तर कुणी येऊन विचारणारच नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या अध्यक्षांना वाटतं मी एक शब्द अडवून धरलाय. माझ्याकडे द्यायला तो एक शब्दच नाही. बाकी सगळं आहे."

हे माझं ऐकून ठेवायचं होतं, सांगायचं नव्हतं. ते बैठकीत बोलले असते तर मी सांगितलं असतं. गाडीतलं गाडीत राहिलं. आज वाटतं, हे वाक्य तेव्हा टेबलावर आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

आता परकारभाई. त्यांच्याशिवाय ही हकीकत नाही.

पहिल्याच दिवशी लिफ्टपाशी मी फाइलींचा गठ्ठा सांभाळत उभी होते आणि लिफ्ट येईना, तेव्हा सवयीने मराठीत पुटपुटले, "ये गं बाई लवकर." मागून आवाज आला, "येल, येल. जपानची हाय, वेळेवर येल." वळून पाहिलं तर डायरेक्टर साहेबांचे सेक्रेटरी! पन्नाशीचे, पांढरी टोकदार दाढी, कोट जरा मोठा. दापोलीजवळच्या गावचे. सत्तावीस वर्षं त्या देशात काढलेली. दापोली आणि सांगली तोक्योच्या विसाव्या मजल्यावर भेटली, म्हटल्यावर आम्ही दहा मिनिटांत सोलकढीपर्यंत पोचलो.

आमचं हे मराठी साहेबांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "तो बोलत काय नाय," परकारभाई मला म्हणाले, "पन बघतो. त्याला वाटतं मी कंपनीच्या बाईला काय सांगतो कोन जाने. माझ्या आधीचा सेक्रेटरी विमानतळावर गाडी चुकीच्या दाराशी लावलान म्हनून आठ दिवसांत घरी. माझी मुलगी हितं, म्हंजे तिथं, बारावीला हाय, बाय. नोकरी गेली तर राहायचा परवाना गेला. परीक्षेच्या आधी पोरगीला उचलून दापोलीला न्यायची काय?" बारावीची मुलगी माझ्याही घरी होती. ती जपानीत उत्तरं देते हा भाग वेगळा, पण काळीज तेच.

तिसरा दिवस. सकाळी बैठक सुरू होण्याआधी भेटवस्तू द्यायचा कार्यक्रम. आम्ही त्यांना लाखेचा डबा दिला. त्यांनी आम्हाला खजुराची पेटी दिली, लाकडी, मखमलीची, सोनेरी फीत बांधलेली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी अध्यक्षांना दिली, अध्यक्षांनी दोन्ही हातांनी घेतली. इथे देणाऱ्यासमोर भेट उघडायची पद्धत नाही. ती कौतुकाने बाजूला ठेवायची. बाजूला म्हणजे अध्यक्षांच्या शेजारी जी जागा असते तिथे, आणि तिथे माझी वही असते.

मग सगळे फोटोसाठी दोन झेंड्यांपुढे जाऊन उभे राहिले. दुभाष्याला फोटोत कुणी घेत नाही. मी जागेवरच होते. सहज पेटीकडे नजर गेली. फितीखाली एक चिठ्ठी खोचलेली होती. कोपऱ्यात त्या देशाची राजमुद्रा, पण चिठ्ठी चिनीत होती. वर ती ज्यांना द्यायची त्या चिनी कंपनीचं नाव, आणि खाली मजकूर: 'पूर्वेकडील आमच्या एकमेव मित्रास, आदरपूर्वक.'

चिनी मला येत नाही. पण जपान्यांनी आपली अक्षरं चिनी लोकांकडूनच घेतली, त्यामुळे अशा दोन ओळींचा अर्थ जपान्याला आणि माझ्यासारखीला सहज लागतो. 'एकमेव' तर दोन्हीकडे तसाच्या तसा लिहितात.

म्हणजे दोन दिवस ज्या शब्दासाठी 'इन्शाल्ला, इन्शाल्ला' चाललं होतं, तो शब्द फितीत खोचून एका चिनी कंपनीकडे जाणार होता, आणि चुकून पेट्यांची अदलाबदल झाली होती. पेट्या कुणाच्या ताब्यात होत्या? परकारभाईंच्या. डोळ्यांपुढे बारावीची मुलगी आली, दापोली आली, कावामुरा-सानचं अर्धं रिकामं कपाट आलं. तिकडे छायाचित्रकार म्हणत होता, "आणखी एक, हसा." मी हात लांब केला, चिठ्ठी ओढली आणि वहीत घातली. सगळे हसले. क्लिक.

गाळायचं नाही, हा नियम. मी गाळलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भयंकर आनंद झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांची 'मी' बोलल्यावर ही एक गोष्ट माझ्या मीने केली होती.

दुपारपर्यंत बैठक चालली. साहेब एकदा पेटीकडे बघत, एकदा परकारभाईंकडे, परत पेटीकडे. परकारभाईंच्या कपाळावर घाम. आमचे अध्यक्ष शांतपणे "केन्तो शिमासु" म्हणत. मला वाटलं, बिचाऱ्यांना चूक कळली असावी आणि आता आभाळ कोसळायची वाट बघताहेत. जेवणाची सुट्टी झाल्यावर मी त्यांना पॅसेजमधल्या पेयांच्या यंत्रापाशी गाठलं आणि वही जराशी उघडून दाखवली.

"काळजी करू नका. चिठ्ठी माझ्याकडे आहे. कुणीही पाहिली नाही. वाचलात."

माझी समजूत, ते हात जोडतील. त्यांनी यंत्राला हात टेकला.

"बाय," ते म्हणाले, "काय केलंत हे! साहेबानंच खोचायला सांगितलान व्हती ती."

"काय?"

"मुद्दाम! टेबलावर बोलून दाखवलं की आमच्याकडं दुसरं गिऱ्हाईक हाय, तर ती धमकी व्हते. जपानी मानूस धमकी ऐकून उठून जातो. पन सेक्रेटरीनं पेटी चुकवलान, तर ती चूक. चुकीला कोन रागावतो? तुमच्या अध्यक्षांनी वाचायची, साहेबानं मला सगळ्यांसमोर गाढव म्हनायचं, मी मान खाली घालायची. काल संध्याकाळी आमी प्रॅक्टिस केली. दोन डझन शिव्या पाठ हायत त्याच्या."

मी वही पटकन मिटली.

"आता त्याला वाटनार, मी घाबरून खोचलीच नाय. नायतर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नायतर आपन दोघं मराठीत बोललो आनी मी तुमाला फितूर झालो. आठ दिवस, बाय. मंग दापोली."

मघाचा सगळा आनंद पायाखालून निघून गेला. ज्याची नोकरी वाचवायला गेले, त्याचीच मी घालवत होते. म्हटलं, जाऊन परत खोचते. पण पेटी सुट्टी होताच अध्यक्षांच्या सचिवांच्या खोलीत गेली होती, आणि तिथे तीन बायका बसतात. कावामुरा-सानना जाऊन सांगू? म्हणजे चिठ्ठी चोरली ते सांगायचं. साहेबांना? म्हणजे परकारभाईंनी मला सगळं सांगितलं ते सांगायचं. बेंतोचा डबा जेवायला अर्धा तास होता, त्यातली बारा मिनिटं आम्ही यंत्रापुढे उभे होतो आणि परकारभाईंनी घाबरून कॉर्नसूपचे तीन कॅन घेऊन ठेवले होते.

सुचलं ते माझ्या लेकीमुळे. हिगाशी-कसाईत लहानपणी तिने मोजा हरवला की दुसऱ्या दिवशी तो बागेच्या कुंपणावर चिमट्याला लावलेला असायचा. छत्र्या, पासचं पाकीट, एकदा तर अर्धं खोडरबर. या देशात पडलेली वस्तू पडून राहत नाही. तिला 'ओतोशिमोनो' म्हणतात, आणि ती मालकापर्यंत पोचवल्याशिवाय इथल्या माणसाला घास गोड लागत नाही. माझं अर्धं आयुष्य हरवायचा प्रयत्न करूनही न हरवलेल्या वस्तूंनी भरलेलं आहे.

मी वही उघडली, लिफ्टसमोरच्या गालिच्यावर चिठ्ठी पाडली आणि न बघता पुढे गेले.

"आता?" परकारभाईंनी विचारलं.

"आता काही नाही. सूप प्या."

दुपारची बैठक सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. दारावर हलकी टकटक. स्वागतकक्षातली मुलगी आत आली, वाकली, आणि म्हणाली, "क्षमा करा. ओतोशिमोनो आहे." तिने चिठ्ठी तशीच हातात आणली नव्हती. चुरगळू नये म्हणून ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या फाइलीत घातली होती. ती टेबलाभोवती पूर्ण फिरून गेली, आमच्या अध्यक्षांच्या, उपाध्यक्षांच्या, कावामुरा-सानच्या अगदी नाकाखालून, आणि डायरेक्टर साहेबांसमोर तिने ती फाइल दोन्ही हातांनी ठेवली. सगळ्यांनी वाचली. न वाचायची सोयच तिने ठेवली नव्हती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते ही?"

"म्हणते, तुमचं काहीतरी पडलं होतं."

साहेबांनी चिठ्ठी पाहिली, परकारभाईंकडे पाहिलं, आणि सुरुवात केली. इंग्रजीत, सगळ्यांना कळेल अशा आवाजात. गाढवा, मूर्खा, तुझ्या डोक्यात वाळू भरली आहे! आणि हे सगळं मला जपानीत सांगायचं होतं. जपानीत शिव्यांचा तुटवडा, त्यात सभ्य माणसांची खोली. 'गाढवा'चं झालं, 'आपल्याकडून लक्ष थोडं कमी पडलेलं दिसतं.' 'डोक्यात वाळू'चं झालं, 'पूर्वतयारीबाबत आणखी वाव आहे.' मी इतक्या मायेने परकारभाईंची हजेरी घेत होते की उपाध्यक्ष त्यांच्याकडे करुणेने बघायला लागले. परकारभाईंनी मान खाली घातली. ती एवढी छान खाली गेली की मला क्षणभर शंका आली, प्रॅक्टिस झाली होती ती ही नव्हेच.

अध्यक्षांनी डोळे मिटले. जपानी अध्यक्षांनी डोळे मिटले की एक तर ते विचार करताहेत किंवा झोपलेत, आणि दोन्ही वेळा कुणी हलत नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "दहा मिनिटं विश्रांती घेऊ या."

दहा मिनिटांनी कावामुरा-सान नवा कागद घेऊन आले. 'एकमेव' गेला होता. तिथे 'प्रमुख' आला होता. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "इन्शाल्ला." मी तोंड उघडणार, तेवढ्यात समोरून परकारभाईंनी मला हाताने थांबवलं, आणि पुटपुटले, "हा खरा हाय." साहेब पुढे म्हणाले, "बग्गू." आणि पेन उघडलं.

जपानी मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. बग्गूचं भाषांतर हवं होतं. भर घालायची नाही, गाळायचं नाही. मी म्हटलं, "केन्तो शिमासु." सगळ्यांचे चेहरे उतरले, आणि तेवढ्यात साहेबांनी सही केली. अध्यक्ष हसले, ते मी तीन दिवसांत पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी कावामुरा-सान मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. हे कधी होत नाही. तोझाई लाइनच्या जिन्यापाशी थांबून ते म्हणाले, "केरुकारु-सान, सकाळी पेटी टेबलावर ठेवली तेव्हाच मी चिठ्ठी वाचली होती. अध्यक्षांनीही."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुम्ही ती इतक्या काळजीने लपवलीत," ते म्हणाले, "की ती दिसली असं दाखवणं असभ्यपणाचं झालं असतं. आम्हाला ठाऊक होतं, पण आम्ही पाहिली नव्हती. न पाहिलेल्या गोष्टीवर कंपनीला निर्णय घेता येत नाही." मग म्हणाले, "दुपारी ती पाहायला मिळाली. त्याबद्दल मी आपला फार ऋणी आहे." आणि ते वाकले, कमरेत पूर्ण वाकले, अकरा वर्षांचं ओझं उतरवल्यासारखे. मीही वाकले. आम्ही दोघं वाकलेले असताना माझी गाडी गेली.

म्हणजे त्या खोलीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. साहेबांनी जे दाखवलं ते अध्यक्षांनी पाहिलं होतं, अध्यक्ष जे दाखवत नव्हते ते साहेब ओळखून होते. काय चाललंय हे फक्त एका माणसाला कळत नव्हतं, आणि त्याच माणसाला समजावून सांगायचं काम दिलेलं होतं.

घरी हे सांगितल्यावर लेक आ वासून म्हणाली, "ममा, यू स्टोल इट?" नवरा म्हणाला, "गाळलं म्हण, चोरलं नको म्हणू." पण तिचा शब्द बरोबर होता. मी तो कागद घेतला तेव्हा तो माझा नव्हता आणि ती भीतीही माझी नव्हती. चांगल्या मनाने केलं, हे खरं. पण दुभाष्याला लोक खोलीत घेतात ते त्याच्या चांगल्या मनासाठी नाही, तो मधे लुडबुड करणार नाही या भरवशावर. तो भरवसा मी मोडला, आणि मोडताना मला मजा आली, हे जास्त बोचतं.

त्या कंपनीने मला परत बोलावलं नाही. कुणी तक्रार केली नाही, कुणी काही सुचवलंही नाही. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, 'पुढील कामांबाबत आपल्या नावाचा जरूर विचार करू.' विचार चालू आहे. कावामुरा-सान आता निवृत्त झाले, त्यांचं नववर्षाचं शुभेच्छापत्र न चुकता येतं, वाळूतल्या अर्धवट कारखान्याचा फोटो असलेलं. खाली हाताने लिहिलेली एक ओळ असते: 'आपली वही ठीक आहे ना?'

परकारभाईंची मुलगी पास झाली. त्यांनी फोन करून सांगितलं तेव्हा मार्कही सांगितले आणि शाळेचं नावही, आणि मी इथे एकटीच रडले, कारण ते एक माझ्या हातून जाता जाता राहिलं होतं.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. "साहेब ओसाकाला येतोय, दुसऱ्या कंपनीकडं. म्हनतो, दुभाषी तीच बाई पाहिजे. त्याला जपानीशी काय देनंघेनं नाय, बाय. त्यानं मला विचारलान, ती चिठ्ठी आपोआप पडली की पाडली. मी म्हटलं, मला काय ठाऊक. तर हसत सुटला. म्हनाला, अशी बाई आमच्या बाजूला पाहिजे."

इतक्या वर्षांत माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि याहून मोठा अपमानही.

मी म्हटलं, "बघू."

पलीकडून परकारभाईंनी खालच्या आवाजात, घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "बाय, ह्यातलं कुठलं बघू हे?"